पाण्याचं घर

"ताई, शून्य आलं ना?" फोनवरचा आवाज इतका खूश होता, की क्षणभर मलाही हो म्हणावंसं वाटलं. सुरतच्या लिंबायतमध्ये राहणारा, लूमवर काम करणारा खानदेशी माणूस. मशीनच्या पडद्यावरचा आकडा आमच्याच लॅबमधल्या एका नव्या मुलानं त्याला काउंटरवर सांगून टाकला होता. रिपोर्टवर माझी सही अजून व्हायची होती.

त्याला सीएमएल, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. 9 आणि 22 या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते आणि बीसीआर-एबीएल हे जोडजनुक तयार होतं. 2001 साली इमॅटिनिबला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि या आजाराचं रूपच पालटलं. आता माणूस रोज गोळी घेतो, पाळीवर जातो. गोळी लागू पडते आहे का, हे त्या जनुकाच्या आरएनएच्या प्रती मोजून दर काही महिन्यांनी बघायचं. ते आमचं काम.

हा गडी संक्रांतीला नंदुरबारकडे गावी गेला आणि रक्त तिथेच देऊन आला. 14 आणि 15 जानेवारीला अख्खं सुरत पतंग उडवायला गच्चीवर असतं. त्यामुळे नळी आमच्याकडे पोहोचली तिसऱ्या दिवशी. आरएनए फार नाशवंत, दुधासारखा. पण दूध नासलं की दिसतं तरी.

म्हणून आम्ही प्रत्येक नमुन्यात साधं एबीएल जनुकही मोजतो. ते निरोगी पेशींतही असतं, त्यामुळे नमुन्यात बघण्यासारखं किती उरलंय ते कळतं. 0.01 टक्क्यापर्यंत आजार दिसत नाही असं लिहायचं, तर एबीएलच्या निदान 10,000 प्रती हव्यात. 0.0032 टक्क्यासाठी 32,000. याच्या नमुन्यात होत्या 2,300. बीसीआर-एबीएल शून्य, हे खरंच. पण ते शोधायला आमच्या हातात होतंच काय?

गंमत म्हणजे प्लेटच्या 96 घरांत एक घर असं असतं, जिथे शून्यच यायला हवं. त्यात रुग्णाचं काही नसतं, नुसतं पाणी आणि रसायनं. मी सगळ्यात आधी तेच बघते. एकदा तिथे प्रती वाढवण्याच्या अडतिसाव्या सायकलला रेघ वर चढली. वाढवलेल्या प्रती असतात त्या मागच्या खोलीतून एक पिपेट पुढच्या खोलीत आलं होतं, एवढंच. त्या रात्रीची सगळी प्लेट रद्द केली. नवी माणसं अशा वेळी 'अगदी किंचितच आहे' म्हणतात. पण आम्ही किंचितच तर मोजत असतो!

आकडा बरोबर आला तरी तो कोणत्या मापाने, हा प्रश्न उरतोच. हिऱ्याचा रंग ठरवताना शेजारी मास्टर स्टोन ठेवतात, हे सुरतेत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आमचे मास्टर स्टोन 2009 मध्ये ठरले. त्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं चार पातळ्यांचे प्रमाण-नमुने मान्य केले. त्यांच्याशी नातं जोडलेला गुणक लावला, तरच आमचा 0.1 टक्का आणि मुंबईचा 0.1 टक्का एका मापाचे होतात.

त्याला पुन्हा रक्त द्यायला बोलावलं. या वेळी एबीएल 41,000 आणि उत्तर 0.06 टक्के. 0.1 च्या खाली, म्हणजे गोळी नीट चालली आहे. त्यानं रिपोर्ट हातात धरला आणि चेहरा उतरला.

"ताई, आजार वाढना का?"

नाही, आधीचं शून्य खरं नव्हतंच, हे मी दोन-तीन तऱ्हांनी सांगितलं. आरएनए, प्रती, सगळं. तो गप्प राहिला, मग म्हणाला, "म्हणजे दोन मीटर कापड बघून अख्खा ताका पास केला होता."

तेव्हापासून सही होईपर्यंत आकडा काउंटरला दिसत नाही. दुसऱ्या तपासणीचे पैसे आम्ही घेतले नाहीत. त्याचा एक खाडा मात्र झाला होता. त्याबद्दल तो काही बोलला नाही, आणि मीही विषय काढला नाही.