हेल्लिशेइदीचा काळा कातळ

आइसलँडची राजधानी रेक्याविक सोडून पूर्वेकडे निघाले, की अर्ध्या तासात शेवाळाने मढलेल्या लाव्हाच्या माळावर वाफेचे लोट दिसू लागतात. हे हेल्लिशेइदीचे वीजकेंद्र, भूगर्भातील उष्णतेवर चालणारे. त्याच्या शेजारी २०२१ मध्ये ‘ऑर्का’ हा कारखाना सुरू झाला. पंख्यांनी हवा ओढायची, तिच्यातील कार्बन डायऑक्साइड गाळून घ्यायचा, पाण्यात विरघळवून खोल बेसॉल्टमध्ये सोडायचा, एवढाच त्याचा उद्योग. आपल्या सह्याद्रीच्याच जातीचा हा कातळ! येथील आधीच्या प्रयोगात असा ९५ टक्क्यांहून अधिक वायू दोन वर्षांच्या आत दगड झाल्याचे आढळले होते.

विमानाचे तिकीट काढताना प्रदूषणाच्या भरपाईचा जो चौकोन समोर येतो, तो बहुतेक प्रवासी रिकामाच सोडतात. त्यांना कंजूष म्हणणे मला पटत नाही. न पाहिलेल्या, न तोललेल्या मालाचे पैसे कोणता व्यापारी सुखाने देईल? झिंबाब्वेतील करिबा जंगलप्रकल्पाची बचत फुगवून दाखवल्याचे आरोप झाले आणि २०२३ मध्ये त्याची प्रमाणपत्रे विकणाऱ्या कंपनीनेच अंग काढून घेतले.

ऑर्कात माल तोलला जातो. पण भाव टनामागे हजार डॉलरच्या आसपास, आणि लांबच्या जाण्यायेण्यात माणशी टनभर वायू सहज होतो. तेव्हा तिकिटाशेजारी काही रुपयांत मिळणारी भरपाई नेमकी कशाची, हे आपण विचारूनच खूण करावी. ऑर्काची आखलेली क्षमता वर्षाला ४,००० टन आहे. मोठ्या विमानाच्या मुंबई-लंडन जाण्यायेण्याच्या दहा-बारा फेऱ्यांतच ती संपते.