परीक्षकाची परीक्षा

दोन वर्षांपूर्वी कानात खोचायचे नवे इअरफोन घेतले, तेव्हा आम्ही किशोरीताईंचा भूप लावून पाहिला. खर्ज घुमत होता. तानपुऱ्याची जवारी मात्र त्याखाली बुजली होती. निकाल तत्काळ दिला : वस्तू सुमार. पंधरवड्यात तीच वस्तू बरी वाटू लागली. ‘इअरफोन वाजून वाजून मोकळे होतात’, असे जाणकार म्हणत. आम्हीही ते चारचौघांत सांगू लागलो. पुढे धाकट्या भावाने तेच मॉडेल घेतले. त्याची कोरी जोडी कानात घातली, तर आवाज हुबेहूब आमच्या जोडीसारखा! सरावला होता तो आमचा कान.

यंदा डावी बाजू मंद वाटू लागली. जाळीवरचा मळ काढला, रबरी टोपी बदलली (ती सैल बसली की खर्ज निसटतो), व्यर्थ. अखेर डावा इअरफोन उजव्या कानात आणि उजवा डाव्या कानात घालून पाहिला. मंदपणा डाव्या कानातच राहिला. तपासणीत त्या कानाचा आलेख ४००० हर्ट्झपाशी खाली घसरलेला निघाला. मोठ्या आवाजाने झालेली हानी बहुधा तिथेच प्रथम दिसते, आणि अंतर्कर्णातल्या रोमपेशी पुन्हा उगवत नाहीत. लोकलमध्ये उजवा कान घोषणांसाठी मोकळा ठेवून, खडखडाटावर मात करायला डाव्यात आम्ही किती आवाज ओतला, ते आम्हांलाच ठाऊक.

आता आवाज निम्म्यावर असतो. भूप ऐकतोच, डावीकडची जवारी ऐकू येते की नुसती आठवते, याचा निकाल मात्र आम्ही देत नाही.