चौथी सीट आणि ॲप्ट

लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा टेकतो. "जरा सरका" म्हटलं की काम होतं. या दोन शब्दांवर आपलं अर्धं आयुष्य चाललेलं, त्यामुळे सरकायला ठाम नकार देणारा कोणी भेटला की तो आपल्याला उर्मट वाटतो. लिनक्सचा पॅकेज मॅनेजर हा असाच एक उर्मट प्राणी. निदान आमच्या आत्याचं तसं मत झालं होतं.

तर झालं असं. मुलुंडला आत्याकडे जुना डेस्कटॉप आहे, त्यावर लिनक्स मिंट. सत्तरीनंतर ती संगणक शिकली आणि सोसायटीची खजिनदार म्हणून सगळा जमाखर्च त्यावर ठेवते. वार्षिक सभा आठ दिवसांवर आली होती, बिलं स्कॅन करायची होती आणि त्यासाठीचा प्रोग्रॅम काही केल्या बसेना. ‘तुटलेली पॅकेजेस अडकून आहेत’ अशा अर्थाचा संदेश येई. दुकानदार म्हणाला, फॉरमॅट मारा. आत्या म्हणाली, "तसं केलंस तर मी पुन्हा वहीवर जाईन हो."

ती खरंच गेली असती. म्हणून नीट बघणं भाग होतं.

लिनक्सवर प्रोग्रॅम एकटा येत नाही. चित्र वाचणं, आवाज वाजवणं अशी कामं करणारी सामायिक लायब्ररी असते आणि तिच्यावर अनेक प्रोग्रॅम अवलंबून असतात. मला अमुक लायब्ररी हवी, तमुक आवृत्ती हवी, अशी अट प्रत्येक पॅकेजवर लिहिलेली असते. पूर्वी या अटी माणसाने एकेक करून पुऱ्या करायच्या, आणि त्या प्रकाराला ‘डिपेंडन्सी हेल’ असं सार्थ नाव होतं. डेबियनने मार्च 1999 मध्ये 2.1 आवृत्तीबरोबर ॲप्ट दिलं आणि ही जुळवाजुळव यंत्राकडे गेली. उबुंटू आणि मिंट त्याच घराण्यातले.

आत्याच्या नातवाने व्हिडिओच्या एका प्रोग्रॅमसाठी बाहेरचं एक भांडार जोडलं होतं. तिथून एका लायब्ररीची नवी आवृत्ती आली. स्कॅनच्या प्रोग्रॅमला मात्र मिंटच्या भांडारातली नेमकी जुनी आवृत्ती हवी होती. त्या पॅकेजची एका वेळी एकच आवृत्ती बसू शकते. दोघांचंही म्हणणं रास्त, पण जागा एक! इथे "जरा सरका" चालत नाही.

उपाय मोठा नव्हता. संदेश शेवटपर्यंत वाचायचा, कारण बरेचदा खरं नाव तळाशी असतं. मग ॲप्टला ‘पॉलिसी’ विचारायची. कोणती आवृत्ती बसली आहे आणि ती कोणत्या भांडारातली, हे ते सांगतं. ते बाहेरचं भांडार बंद केलं, लायब्ररी मिंटच्या आवृत्तीवर परत आणली (‘पीपीए-पर्ज’ नावाचं साधन हेच करतं), आणि स्कॅनचा प्रोग्रॅम निमूटपणे बसला.

जबरदस्तीचीही सोय असते. पण ॲप्ट काय काय काढून टाकणार आहे ती यादी न वाचता ‘हो’ म्हणू नये. नोव्हेंबर 2021 मध्ये लायनस सेबास्टियन या कॅनडातल्या प्रसिद्ध यूट्यूबरचं उदाहरण गाजलं. पॉप ओएसवर स्टीम बसवताना ॲप्टने स्पष्ट इशारा दिला आणि ‘यस, डू ॲज आय से!’ असं पूर्ण वाक्य टाईप करायला लावलं. त्याने केलं. स्टीमपायी त्याचा अख्खा डेस्कटॉपच उडाला.

आत्याला हे सगळं सांगितलं तेव्हा तिने एकच विचारलं, "मग नातवाच्या व्हिडिओचं काय?" त्याला जुन्या आवृत्तीवर भागवावं लागलं, नव्या सोयी गेल्या. ती म्हणाली, "म्हणजे कोणाला तरी उतरावंच लागलं." हेच खरं. भांडण मिटलं म्हणजे दोघांना सगळं मिळालं असं नव्हे. कोणाचं काम आज जास्त गरजेचं, ते माणसाने ठरवायचं. ॲप्ट फक्त खोटं ‘जमेल’ म्हणत नाही.

आपण मात्र सवयीने म्हणतो. घरात, ऑफिसात, सोसायटीतही. सगळ्यांना हो म्हणायचं आणि मग कुठेतरी काहीतरी निखळतं.

असो. आता आत्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर बाहेरून जोडलेल्या भांडारांची यादी आहे, तारखेसह. तुम्हीही एक करून ठेवा.