दुसरा हात

इंग्रज १९४७ साली गेले खरे. पण जाताना आपला 'अदर हँड' आमच्या टपालात विसरून गेले. बँकेतल्या कुठल्याही पत्राचा दुसरा परिच्छेद पाहा, 'ऑन द अदर हँड' नाहीतर 'ऑन द कॉन्ट्ररी' तिथे ठाण मांडून बसलेला असतोच. दोहोंचा अर्थ एकच, अशी पुष्कळांची समजूत आहे. दोष त्यांचा नाही, आपल्या 'उलट'चा आहे. 'तो आळशी नाही, उलट कष्टाळू आहे' इथेही तो चालतो आणि 'थोरला अबोल, उलट धाकटा वाचाळ' इथेही. बिचारा एका पगारात दोन पदांचे काम करतो!

इंग्रजीत मात्र ही पदे वेगळी. आम्हा कॉमर्सवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर 'ऑन द अदर हँड' म्हणजे खातेवहीची दुसरी बाजू. डावीकडे नावे, उजवीकडे जमा, दोन्ही खरे. 'ऑन द कॉन्ट्ररी' म्हणजे उलट नोंद. आधीचे रद्द, आता हे खरे.

यात एवढे काय, असे तुम्ही म्हणाल. आमच्या शिपाईमामांना विचारा. मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी त्यांनी कर्ज मागितले. शिफारशीत साहेबांनी लिहिले, यांचा पगार तुटपुंजा आहे. 'ऑन द कॉन्ट्ररी', यांनी आजवर एकही हप्ता चुकवलेला नाही. आठ दिवसांनी वरून पृच्छा आली : पगार तुटपुंजा आहे किंवा नाही, ते निश्चित कळवावे. फी भरायला उरले होते चार दिवस! मी 'कॉन्ट्ररी' काढून 'अदर हँड' घातला, साहेबांनी न वाचता सही ठोकली आणि मामा स्वतः कागद घेऊन वरच्या ऑफिसात धावले. शेवटच्या दिवशी, खिडकी बंद व्हायच्या आत फी भरली गेली.

"भाऊसाहेब, एवढा काय फरक होता हो त्यात?" पेढा हातावर ठेवत मामांनी विचारले.

"मामा, आधीच्या कागदात तुमचा पगार खोटा ठरत होता."

"आणि आता?"

"आता पगारही खरा आणि इमानही खरे."

अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन (१९४५ ते १९५३) म्हणे एका हाताचा अर्थतज्ज्ञ शोधत होते. कारण ही मंडळी एक सल्ला देऊन झाला की लगेच 'ऑन द अदर हँड' सुरू करत. अध्यक्षांना दुसरा हात नको असेल. कर्ज मागणाऱ्याला तो लागतोच. पहिल्या हातात काही नसते ना!