उजवी खुर्ची

सहायक प्रशिक्षकाच्या परीक्षेसाठी सध्या बारामतीत उजव्या खुर्चीत बसते. विमान तेच, सेसना १७२. पण सुकाणू आता उजव्या हातात, थ्रॉटल डाव्या. उतरताना धावपट्टीची मधली रेघ सरकल्यासारखी वाटते.

काल रात्री रिकाम्या खुर्चीला ‘स्टॉल’ समजावत होते. पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातला कोन साधारण १५ अंशांपलीकडे गेला, की उचल ढासळते, वेग कितीही असो. कितीदा केलंय हे! तरी बोलताना अडखळले. हाताला ठाऊक असलेलं तोंडात येईना. आईने भाकरी शिकवताना माझ्या हातावर नुसता हात ठेवला होता.

आमचे सर हात सुकाणूजवळ धरायचे, न टेकवता. किती अंतरावर, ते आठवत बसले आहे.