टॅबवर ४जी लिहिले आहे, पण कोणते?

परदेशात कमावणारा माणूस सुट्टीवर येतो तेव्हा त्याच्या बॅगेत काय असावे, हे काळाप्रमाणे बदलत गेले. एकेकाळी टेपरेकॉर्डर आणि मनगटी घड्याळ असे. मग ब्लँकेट, अत्तर, खजूर आणि मोबाइल आले. आता मुलांच्या अभ्यासासाठी टॅब येतो. आमच्या कोल्हापुरातून आखाताकडे जाणारी वाट कोकणाइतकी मळलेली नसली, तरी रत्नागिरी-चिपळूणकडच्या सोयरिकी पुष्कळ आहेत. त्यामुळे दुबई, शारजा, रियाध ही नावे आमच्या गल्लीतल्या लहान पोरांनाही पाठ आहेत.

आम्ही उर्दू आणि मराठी शिकवणारे शिक्षक. यंत्रांची जाण आम्हाला नाही. पण २०२० मध्ये शाळांना कुलुपे लागली, वर्ग मोबाइलवर आले आणि मुलांच्या घरातल्या अडचणी आमच्यापर्यंत येऊ लागल्या. त्यांतली एक अडचण अशी होती की ती वारंवार दिसायची, पण तिचे नाव कोणालाच माहीत नव्हते. बाहेरून आणलेला चांगला, नवा टॅब, त्यावर ठळक ‘४जी’ लिहिलेले, सिमही सुरू, आणि तरी तास अडखळत चाललेला.

नववीतल्या एका मुलीचे अब्बा शारजात काम करीत होते. घरात फोन एकच, आणि तो रोज सकाळी मोठ्या भावाबरोबर शिरोली एमआयडीसीत जायचा. म्हणून अब्बांनी ७०० दिरहम खर्चून, म्हणजे त्यावेळचे जवळपास १४ हजार रुपये, सिम घालता येईल असा टॅब घेतला आणि जुलैमध्ये परतणाऱ्या एका नातेवाइकाकडून पाठवला. ‘कुठल्याही देशात चालेल’ असे दुकानदाराने सांगितले होते. टॅब चालला, पण गच्चीवर. आतल्या खोलीत नेला की रेंज जायची. त्याच कंपनीचे सिम भावाच्या साध्या फोनमध्ये मात्र त्याच खोलीत व्यवस्थित चालत होते. मग ती मुलगी कोल्हापूरच्या त्या मुसळधार पावसात गच्चीच्या जिन्यावर, पत्र्याखाली बसून तास करू लागली. पत्र्यावरच्या पावसात आमचा आवाज तिला ऐकू जात नसे आणि तिचा आम्हाला.

राजारामपुरीत मोबाइल दुरुस्तीचे दुकान असलेल्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याला आम्ही तो टॅब दाखवला. त्याने सेटिंगमध्ये जाऊन मॉडेल नंबर पाहिला, कंपनीच्या माहितीत त्या मॉडेलची यादी काढली आणि दोन मिनिटांत म्हणाला, “सर, टॅबमध्ये बिघाड नाही. याला आपल्याकडचे सगळे बँड नाहीत.”

हा बँड म्हणजे काय, ते आम्हाला आमच्या वर्गातल्या उदाहरणानेच समजले. घरात सफाईदार उर्दू बोलणारे मूल मराठी शाळेत शिकले असेल, तर दुकानावरची उर्दू पाटी त्याला वाचता येत नाही. भाषा येते, लिपी येत नाही. ४जी ही भाषा समजा आणि बँड ही लिपी. मोबाइलचे टॉवर हवेतून लहरी सोडतात. त्या लहरींचे ठरावीक पट्टे असतात आणि ते मेगाहर्ट्झमध्ये मोजतात. आपल्या देशात ४जी मुख्यतः ८५०, ९००, १८००, २१००, २३०० आणि २५०० या पट्ट्यांवर चालते. अमिरातीत ८००, १८०० आणि २६०० हे नेहमीचे. दोन्हीकडे सामाईक असलेला मोठा पट्टा १८००चा. म्हणून शारजाचा टॅब कोल्हापुरात अगदीच मुका राहत नाही. पण त्याला एवढी एकच पाटी धड वाचता येते.

मग गच्चीवर चालतो आणि खोलीत का नाही? कमी आकड्याच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतूनही बऱ्यापैकी आत शिरतात. जास्त आकड्याच्या लहरी पुष्कळ माहिती वाहून नेतात, पण भिंतीपाशी थकतात. जिओने ५ सप्टेंबर २०१६ रोजी देशात सेवा सुरू केली ती ८५०, १८०० आणि २३०० या तीन पट्ट्यांवर. अशा सिमला घराच्या आत आधार असतो तो ८५०चा. त्या टॅबच्या यादीत ८५० नव्हता, २३०० ही नव्हता. भावाच्या फोनमध्ये हे सगळे होते. आमच्या पेठांतल्या जुन्या घरांच्या भिंती हातभर जाडीच्या. राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडीकडे तर मध्ये डोंगरच उभे. तिथे खालचा पट्टा नसलेल्या यंत्राचे हाल विचारूच नका.

प्रत्येक देशाचे पट्टे वेगळे का, यालाही कारण आहे. जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने लहरींच्या वाटपासाठी जगाचे तीन विभाग केले आहेत. युरोप, आफ्रिका आणि अरब देश पहिल्यात. अमेरिका खंड दुसऱ्यात. भारत, इराण आणि आशियाचा बराचसा भाग, शिवाय ऑस्ट्रेलिया, तिसऱ्यात. म्हणजे आखात ओलांडले की विभाग बदलतो. त्यातही कोणता पट्टा लष्कराकडे, कोणता दूरचित्रवाणीकडे आणि कोणता मोबाइलकडे, हे ज्या त्या देशाच्या इतिहासावर ठरते. टॅब बनवणाऱ्या कंपन्या त्याप्रमाणे एकाच नावाची वेगवेगळी मॉडेल काढतात. डब्यावरचे नाव आणि चित्र सारखेच असते. फरक मॉडेल नंबरच्या शेवटच्या एखाद्या अक्षरात किंवा आकड्यात असतो. यंत्रात नसलेला बँड नंतर कोणतेही अॅप टाकून येत नाही, कारण त्यासाठी लागणारे भाग कारखान्यातच बसवलेले असतात.

याबाबतीत मोठमोठ्यांनाही जाब द्यावा लागला आहे. मार्च २०१२ मध्ये अॅपलचा नवा आयपॅड ‘वाय-फाय + ४जी’ या नावाने ऑस्ट्रेलियात विकायला आला. त्याचे ४जी अमेरिकेतल्या पट्ट्यांसाठी बनवलेले होते, आणि ऑस्ट्रेलियातल्या टेल्स्ट्रा कंपनीचे ४जी १८०० वर चालत होते. दोघांची गाठच पडेना. तिथल्या ग्राहक आयोगाने कंपनीला न्यायालयात खेचले. कंपनीने ग्राहकांना पैसे परत देऊ केले, नावातले ‘४जी’ काढून टाकले आणि जून २०१२ मध्ये न्यायालयाने २२ लाख ५० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. त्याच वर्षी १० एप्रिलला एअरटेलने कोलकात्यात भारतातले पहिले ४जी सुरू केले होते, २३०० वर. तो आयपॅड तेही पकडू शकत नव्हता. मालातला ऐब झाकून विकू नये, हे आपण घरात मुलांना शिकवतो. तिथे ते न्यायालयाने शिकवले.

पण आम्हाला या सगळ्यात जी गोष्ट अधिक खुपली, ती दुकानदाराची नव्हती. अब्बा दर जुम्म्याला फोन करायचे आणि विचारायचे, “बेटा, टॅब बराबर चल रहा है ना?” मुलगी म्हणायची, “जी अब्बा, एकदम मस्त.” अम्मीही तेच सांगायची. इतक्या उन्हात राबून माणसाने वस्तू पाठवली, तिला नाव कसे ठेवायचे? हा लिहाज आपल्या घराघरांत आहे, आणि तो वाईट आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण त्याचा परिणाम असा झाला की अब्बांनी खोलीतल्या दोन सोबत्यांना तोच टॅब घ्यायला सांगितले. आणखी दोन घरांत तोच टॅब गेला.

शेवटी आम्ही अम्मीला समजावले आणि अब्बांना खरे काय ते सांगितले गेले. ते रागावले नाहीत. “पहले बोलते तो दुसऱ्यांना तरी थांबवलं असतं,” एवढेच म्हणाले. शेजारच्या घरात ब्रॉडबँड होते. त्यांच्याशी बोलून महिन्याचा खर्च वाटून घेतला आणि टॅब वाय-फायवर लावला. वाय-फायला देशाची अशी आडकाठी नसते. शारजाचा टॅब कोल्हापूरच्या वाय-फायवर सुरळीत चालतो. मुलगी जिन्यावरून खोलीत आली. २०२२ मध्ये ती दहावी उत्तीर्ण झाली.

म्हणून आता कोणी ‘बाहेरून टॅब मागवतोय’ म्हणाले की आम्ही त्याला काही गोष्टी विचारतो. घरात दिवसभर एखादा फोन किंवा वाय-फाय असते का? असेल तर सिमचा टॅब घेऊच नका. फक्त वाय-फायचा टॅब स्वस्त पडतो आणि फोनच्या हॉटस्पॉटवर चालतो. सिमचाच हवा असेल तर विकत घेण्याआधी डब्यावरचा पूर्ण मॉडेल नंबर फोटो काढून मागवा आणि यादीत बँड ३, ५, ८ आणि ४० आहेत का ते पाहा. हे अनुक्रमे १८००, ८५०, ९०० आणि २३०० चे नंबर. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेले ५जी हवे असेल तर एन७८ आणि एन२८ हेही शोधा. अमेरिकेतून येत असेल तर तो तिथल्या कंपनीच्या सिमला बांधलेला, म्हणजे लॉक केलेला नाही ना, हे विचारा. सिमची खाच आहे का, तेही विचारा. २०२४ च्या आयपॅड प्रोला ती नाही, त्यात फक्त ई-सिम चालते. आणि पुष्कळ टॅबमधले सिम फक्त इंटरनेट देते, साधा कॉल लागत नाही, हेही ध्यानात ठेवा.

एवढे विचारायला पाच मिनिटे लागतात. पाठवणाऱ्याला त्यात अपमान वाटत नाही, हा आमचा अनुभव आहे. उलट आपल्या पैशाची घरात कोणाला तरी कदर आहे, असे त्याला वाटते. आणि वस्तू आल्यावर ती चालत नसेल तर शुक्रिया जरूर म्हणा, पण त्याच दमात खरेही सांगा. तिकडे त्याच्या खोलीत आणखी चार बाप आहेत, आणि त्यांच्याही मुलींचे तास आहेत.