हंटरचं पोट

प्लास्टिकची विमानं बनवणाऱ्या आम्हा मंडळींना एक खोड असते. सगळा जीव वरच्या रंगात ओतायचा आणि पोटावर एक हात मारून मोकळं व्हायचं. कपाटात ठेवल्यावर पोट बघतंय कोण? प्रवासी विमानात हे खपतं. जमिनीवर मारा करणाऱ्या विमानाची मात्र सगळी कुंडली पोटावर मांडलेली असते. म्हणून मी हंटर हे लढाऊ विमान उताणं ठेवून रंगवायला घेतो.

१/७२ मापात या विमानाचे पंख जेमतेम १४ सेंटिमीटर भरतात. नाकाखाली चार एडन तोफा, ३० मिलिमीटरच्या. त्या गोळ्यांच्या पेट्यांसकट एका चौकटीत बसवलेल्या. रिकामी चौकट खाली उतरवायची, भरलेली वर चढवायची, की विमान पुन्हा तयार. चौकटीच्या मागे दोन्ही बाजूंना दोन फुगवटे आहेत. गोळ्यांना जोडणाऱ्या धातूच्या कड्या झाडताना बाहेर उडून विमानाच्याच अंगावर आदळत, म्हणून त्या साठवायची ही सोय. रिकामी काडतुसं मात्र सरळ खाली पडत. त्यामुळे काजळी कुठे धरायची हे आपसूक ठरतं: तोफांच्या तोंडापासून मागे, निमुळती होत जाणारी. नुसता काळा रंग इथे खोटा दिसतो. मी पेस्टलच्या काळ्या पुडीत चिमूटभर तपकिरी मिसळतो आणि केस झडलेल्या ब्रशने ती नाकाकडून शेपटीकडे ओढतो, उलट दिशेने एकदाही नाही.

गंमत म्हणजे हंटर या कामासाठी जन्मलाच नव्हता. सिडनी कॅमने तो शत्रूची विमानं अडवायला आखला. पहिलं उड्डाण १९५१ चं. त्याच कॅमची हरिकेन आणि टायफून ही विमानंही शेवटी रॉकेटं लावून जमिनीवर उतरवली गेली, म्हणजे कामापुरती! मजबूत सांगाडा आणि तोफांचा स्थिर पाया असला की विमानाच्या नशिबी हेच येत असावं.

आपल्या हंटरचं हे काम दिसलं ते लोंगेवालाच्या लढाईत. ती आपल्याकडे बहुतेकांना ‘बॉर्डर’ सिनेमामुळे माहीत. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरींच्या ठाण्यावर पाकिस्तानी रणगाडे चालून आले, तेव्हा जैसलमेरचे हंटर जमिनीवरच होते. अंधारात लक्ष्य दिसेल असं एकही साधन त्यांच्यात नव्हतं. उजाडताच ते झेपावले. त्या दिवशी वरून काढलेले फोटो मी भिंग लावून पाहिलेत. वाळूत रणगाड्यांच्या पट्ट्यांची वेटोळी आहेत. विमान चुकवायला रणगाडे गोल गोल पळालेले, आणि कुठे कुठे वेटोळ्याच्या टोकाला तो रणगाडा तसाच थांबलेला. या फोटोंपुढे मला सिनेमा फिका वाटतो.

पायलटकडे रॉकेटं मोजकी. टी-१० रॉकेटं संपली की तोफा. सूर मारायचा, लक्ष्य साध्या नजरेने शोधायचं, नेम धरायचा, झाडायचं आणि जमीन जवळ यायच्या आत नाक वर घ्यायचं. हे सगळं काही सेकंदांत. म्हणून माझ्या मॉडेलवर पंखांखाली रॉकेटं नाहीत, फक्त रिकाम्या जागा आणि त्यांच्यामागे धुराचे पुसट पट्टे. स्पर्धेच्या परीक्षकांना भरगच्च शस्त्रं आवडतात. आवडोत बापडी.

त्या वेगात वाळूच्या रंगाचा रणगाडा नेमका सापडायचा कसा? इथे दुसरं एक विमान येतं, ज्याच्याकडे हौशी लोक ढुंकूनही पाहत नाहीत. कृषक. संथ, पंख्याचं, बिनतोफेचं. मेजर आत्मासिंग ते घेऊन रणभूमीवर घिरट्या घालत हंटरना लक्ष्यं दाखवत होते, तेही खालून गोळीबार चालू असताना. त्याचं किट सहजी मिळत नाही. प्लास्टिकच्या शीटमधून पंख कापायला घेतलेत. फळीवर त्याची जागा हंटरच्या शेजारी, त्याच मापात.